रविवारचं घड्याळ

सदर बाजार, कोल्हापूर
१० मार्च २०२४

चि. प्रसेनजीत,
जय भीम.

तुझा फोन मी दोनदा उचलला नाही, राग मानू नकोस. फोनवर तू 'वहिनी' म्हणतोस, मी 'हं' म्हणते, आणि पुढं दोघंही गप्प. पत्राचं तसं नाही. लिहायला बसलं की हाताला काम मिळतं, आणि चुकलं तर खोडता येतं. मला कुणी शिकवलं नाही, मी आपली आपण वाचायला शिकले, त्यामुळं अक्षर वाकडं आहे. तुला लागेल.

तुझ्या दादांना जाऊन उद्या दोन महिने होतील. पुण्यानुमोदनाला तू आणि दीक्षा दोन दिवस राहून गेलात, त्यानंतर मी त्यांच्या वस्तू एकेक करून देत आले. सायकल समोरच्या केरबाला दिली. खुरपं आणि झाडं छाटायची कात्री सोसायटीच्या बागेत त्यांच्या जागी आलेल्या नव्या माळ्याला दिली. दोन स्वेटर बायडाबाईच्या नवऱ्याला झाले. सगळ्या वस्तूंना माणूस मिळाला. तू साठीला दिलेल्या घड्याळाला मात्र मिळेना.

परवा ते रुमालात बांधून गावातल्या एका जुन्या घड्याळाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "या मावशी. सेल टाकायचाय का?" मी रुमाल सोडला. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि एकदम उठून उभाच राहिला.

"हे कुठनं आणलासा?"

"चोरलं न्हाय. माझ्या दिरानं भावाला दिलंय."

"तसं न्हवं ओ मावशी, बसा की," म्हणाला, आणि चहा सांगितला. चहा घड्याळासाठी आला होता, तरी मी प्याले. मग त्यानं किंमत सांगितली. प्रसेन, मला माहीत होतं की महाग आहे. इतकं असेल हे माहीत नव्हतं. मी त्याला विचारलं, "साधं सांगा, हे वेळंशिवाय आणखी काय दाखवतंय?"

तो हसला. "मावशी, ह्यात वेळ बघायचीच नसती. वेळ बघायला मोबाईल हाय की."

ते त्याचं खरं असणार, कारण चावी देऊनसुद्धा हे घड्याळ आठवड्याला तीन मिनिटं मागं पडतं. आपलं भिंतीवरचं सेलचं घड्याळ बारा वर्षं झाली, अजून बरोबर चालतंय.

माझ्या मनात ते विकायचं आहे. आलेल्या पैशातून दादांच्या इचलकरंजीच्या कारखान्यातल्या तिघांना कानाची मशिनं घ्यायची. लालासाबभाऊ पहिले. यंत्रमागाच्या आवाजात राहून राहून त्यांना आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण वस्तू तू दिलेली, म्हणून आधी तुला विचारते.

तुझी,
अंजनावहिनी


बेंगळुरू
१९ मार्च २०२४

प्रिय वहिनी,
जय भीम.

पत्र मिळालं. ऑफिसात माझ्या टेबलावर आलं तेव्हा शेजारचे लोक बघत होते, हाताने लिहिलेलं पाकीट कुणाला येतं आता!

वहिनी, घड्याळ विकू नकोस.

लालासाबचाचांना मशीन हवं असेल तर मी आजच पैसे पाठवतो. तिघांना काय, पाच जणांना पाठवतो. त्यासाठी घड्याळ कशाला? तुला ते बिनकामाचं वाटतं, तुझी चूक नाही. तू घरात कधी बिनकामाची वस्तू येऊच दिली नाहीस. माझ्या बारशाला मिळालेल्या चांदीच्या वाटीत तू मीठ ठेवायचीस.

पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मी सातवीत असताना एकदा कारखान्यात दादाकडे गेलो होतो. दादाला पाळीवर यायला थोडा उशीर झाला होता. मालकाच्या मुलानं आपलं सोन्याचं घड्याळ दादाच्या नाकासमोर धरलं. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण ओठ मी वाचले. "बाळ्या, वाच, किती वाजले?" दादा त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. दादानं मान खाली घालून वेळ सांगितली. मी त्या दिवशी ठरवलं की दादाच्या हातात त्याच्यापेक्षा भारी घड्याळ असेल. तू म्हणतेस, ते आणखी काय दाखवतं. वहिनी, ते हे दाखवतं.

आणि दादाला ते आवडायचं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो पांढरा शर्ट घालून बसायचा. मी काही बोललो की मनगट वर करून घड्याळ दाखवायचा आणि हसायचा. दादा फार बोलायचा नाही, मला आधी त्याचं वाईट वाटायचं. वाटायचं, मी दूर आलो म्हणून त्याच्या मनात काहीतरी आहे. पण ते मनगट वर झालं की बरं वाटायचं. तू तर कधी कॉलवर यायचीच नाहीस. विचारलं की दादा म्हणायचा, "कामात हाय ती."

त्या घड्याळात माझं आणि दादाचं एक बोलणं आहे. ते मला लिहिता येणार नाही. पण ते विकलं तर माझ्याकडे त्याचं काहीच राहणार नाही.

तुझा,
प्रसेन


सदर बाजार, कोल्हापूर
२ एप्रिल २०२४

चि. प्रसेन,
जय भीम.

मालकाच्या मुलाचं मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही. तुझं म्हणणं सगळंच खोटं नाही. एकदा ते घड्याळ घालून हे बँकेत गेले होते, मी बरोबर होते. जो कारकून आम्हाला नेहमी "लायनीत ऱ्हावा" म्हणायचा, तो "बसा की काका" म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अंजे, मनगटाला खुर्ची मिळाली." खूप हसलो आम्ही.

पण आता तुला खरं सांगायला पाहिजे. त्यांनी शपथ घातली होती म्हणून इतके दिवस बोलले नाही. आता ते नाहीत, आणि तू पैसे पाठवतो म्हणतोस. पैशानं हे मिटणार नाही.

लालासाबभाऊंचं जे झालं तेच तुझ्या दादांचं झालं होतं. इचलकरंजीची नोकरी कानापायीच गेली. माग बिघडला की आवाज बदलतो, तो त्यांना कळेना, मुकादमानं घरी बसवलं. म्हणून तर आम्ही कोल्हापुरात आलो आणि ते माळीकामाला लागले. झाडं बोलत नाहीत. शेवटची चार वर्षं तर त्यांना भांडं पडलेलं ऐकू येत नव्हतं.

रोजचं भागायचं. कारखान्यात आवाजामुळं सगळे ओठांवरूनच बोलतात, ती त्यांची सवय. मी समोर असले की अडायचं नाही. पण फोनमधले तुझे ओठ त्यांना लागायचे नाहीत. चित्र मधेच थांबतं, मग उडी मारतं. म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती. दर रविवारी मी फोनच्या मागं बसायची, तुला दिसणार नाही अशी. तू बोललास की तेच मी आवाज न करता ओठांनी त्यांना सांगायची. ते माझ्याकडं बघून तुला उत्तर द्यायचे. 'कामात हाय' ते हेच काम.

तू भराभर बोलायचास. सगळंच काही मला पकडता यायचं नाही. मग ज्याचा काहीच पत्ता लागला नाही तिथं ते मनगट वर करून घड्याळ दाखवायचे आणि हसायचे. त्यांना कळलं होतं की त्यावर तू खूश होतोस. कुठल्याही बोलण्याला चालणारं उत्तर होतं ते.

डॉक्टरांनी मशीन सांगितलं होतं. मी म्हणाले, प्रसेनला सांगूया, नाहीतर घड्याळ विकूया. तर अंगावर आले. "पोराला सांगायचं न्हाय. माझ्या फीपायी दोन-दोन पाळ्या करून कान गेला म्हणंल. घड्याळ विकलं तर दुखंल त्याला." मशिनाचं नाव परत काढू दिलं नाही.

म्हणून मला ते घड्याळ कपाटात बघवत नाही. एवढंच.

तुझी,
वहिनी


सदर बाजार, कोल्हापूर
२३ मे २०२४, बुद्ध पौर्णिमा

चि. प्रसेन,
जय भीम.

दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. दीक्षाला फोन लावला तर म्हणाली, "ते टूरवर आहेत." नंतर म्हणाली, "ते जेवत नाहीत नीट." दोन्ही कसं खरं असेल?

घड्याळावरून रागावला असशील तर राहू दे ते. विकत नाही. तुझं तू घेऊन जा. वस्तूपायी माणूस तोडायला मी बसले नाही. आज विहारात खीर केली होती. तुला आवडते तशी घट्ट झाली होती.

वहिनी


बेंगळुरू
९ जून २०२४

प्रिय वहिनी,

रागावलो नाही. हे पत्र मी सात-आठ वेळा लिहून फाडलं.

माझं इंजिनिअरिंग चार वर्षांचं होतं. सगळ्यांचं चार वर्षांचंच असतं. मी तुम्हाला पाच वर्षांचं सांगितलं. तिसऱ्या वर्षी मी नापास झालो होतो. अभ्यास केला नव्हता, दुसरं काही कारण नाही. मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो, परीक्षेच्या आधी. दादाला सांगायची हिंमत झाली नाही. मग मला कळलं की सांगायची गरजच नाही. आपल्या घरात, आपल्या गल्लीत कॉलेजला गेलेलं कुणी नव्हतं. पाच म्हटलं की पाच. दादा म्हणाला, "आनि एक वरीस ना? काढू की." आणि त्यासाठी त्यानं ते आख्खं वर्ष दोन पाळ्या केल्या.

ते घड्याळ मी त्यासाठी घेतलं. मालकाच्या मुलाचं खरं आहे, पण ते अर्धं. मला काहीतरी असं द्यायचं होतं जे त्या वर्षाएवढं जड असेल. साधं घड्याळ घेतलं असतं तर चाललं नसतं. दुकानात विकणारा म्हणाला, "सर, कुणासाठी?" मी म्हणालो, "भावासाठी." तो म्हणाला, "लकी आहेत." मी बाहेर गाडीत बसून रडलो.

दिलं, तरी सांगणं झालंच नाही. शेवटी गेल्या ऑक्टोबरात, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, कॉलवर मी सगळं सांगितलं. नापास झालो ते, खोटं बोललो ते, सगळं. म्हणालो, "दादा, मला माफ कर." दादानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं मनगट वर केलं आणि हसला.

वहिनी, मला वाटलं त्यानं माफ केलं. मला वाटलं तो म्हणतोय की हे बघ, फिटलं. मी त्यावर जगत होतो. तो गेला तेव्हासुद्धा मला वाटलं, निदान आमच्यात काही राहिलं नाही.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं. ते वाक्य वाचलं, कुठल्याही बोलण्याला चालणारं उत्तर होतं ते.

तू त्या दिवशी फोनच्या मागं होतीस का? असलीस तर तू ऐकलंस आणि त्याला सांगितलंस का? मला फक्त एवढंच विचारायचं आहे. खरं लिही. घड्याळाचं काहीही कर, आता मला ते नको आहे.

प्रसेन


सदर बाजार, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२४

प्रसेन,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. आधी मला लिहावंसं वाटलं नाही, मग पंचगंगेला पाणी चढलं, गाव अडकलं. पण पाणी हे निमित्तच.

घड्याळ मी विकलं. तुझं पत्र आल्यावर चौथ्या दिवशी. शांत डोक्यानं विकलं असं समजू नकोस. रागानं विकलं. त्या दुकानदारानं परत चहा सांगितला, मी उठून आले.

लालासाबभाऊंना मशीन घेतलं. इचलकरंजीला त्यांच्या दारात बसून बसवलं. मशीनवाल्या माणसानं बटण फिरवलं तसे ते दचकले. म्हणाले, "अल्ला, ही सून रोज एवढी वरडती व्हय?" आतून त्यांची सून सलमा म्हणाली, "अब्बा, मला ऐकू आलं हां!" सगळी गल्ली हसली. मीही हसले. वाटलं, हे झालं खरं काम. बिनकामाच्या वस्तूची कामाची वस्तू झाली.

पंधरा दिवसांनी परत गेले तर मशीन तंबाखूच्या डब्यात. मी चिडले. ते म्हणाले, "भाभी, रागावू नका. चाळीस वर्षं मागाचा आवाज डोक्यात फिरतोय, तो काय थांबत न्हाय. त्यावर आनि भांडी, हॉर्न, पोरं. कान भाजतात. गप होतं तेच बरं हुतं."

बाकी दोघांची मशिनं मी घेतलेली नाहीत. आधी त्यांना विचारीन. तुझ्या दादांनाही मी कधी विचारलं नव्हतं, तुम्हाला ऐकायचंय का म्हणून. मी धरूनच चालले होते की कामाची वस्तू म्हणजे माणसाला हवी असणारच. त्यांनी ते कानात घातलं असतं, का तेही डब्यात टाकलं असतं, मला आता कळायचं नाही.

आता तू विचारलंस त्याचं.

मी त्या रविवारी फोनच्या मागं नव्हते. आदल्या दिवशी मशिनावरून आमचं भांडण झालं होतं. सकाळी ते आंघोळ करून, शर्ट घालून, घड्याळ लावून बसले आणि मला म्हणाले, "ये, वेळ झाली." मी म्हणाले, "आज तुमचं तुम्ही ऐका. त्याशिवाय तुम्हाला मशिनाची गरज कळायची न्हाय." आणि पिशवी घेऊन मंडईला गेले. मुद्दाम गेले. तासाभरानं आले तेव्हा ते फोन मांडीवर ठेवून तसेच बसले होते. म्हणाले, "आज पोरगं लई बोललं. डोळ्यात पाणी हुतं त्याच्या. काय झालंय विचार की जरा." मी म्हणाले, "काही न्हाय, ऑफिसचं असंल." मी विचारलं नाही. त्यांनी पुढचे दोन रविवार मला आठवण करून दिली. नंतर विसरले, नाहीतर सोडून दिलं.

त्यांना काही कळलं नव्हतं, प्रसेन. माफही केलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. तू रडत होतास एवढंच त्यांनी बघितलं, आणि त्याची काळजी केली.

तू खरं लिही म्हणालास. हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण खोटं लिहिणं फार सोपं होतं. एक ओळ पुरली असती. तेवढ्यानं तू जेवला असतास. पण खोट्यावर एक वर्ष कसं गेलं ते आपण बघितलं आहे.

त्यांच्या वतीनं मी तुला माफ करू शकत नाही. दारावर आलेलं टपाल सही करून घ्यावं तसं ते मला घेता येत नाही. जे त्यांचं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं, तू आणि मी दोघांनी मिळून ते घालवलं. तू उशिरा बोललास, आणि बोललास तेव्हा मी मंडईत होते. हे मला रोज उठून आठवायचं आहे, तुलाही.

पण ते वर्ष काही त्यांचं एकट्याचं नव्हतं. ते सकाळी जायचे आणि दुसरी पाळी संपवून यायचे. दोन वेळचे दोन डबे मी करायची. आल्यावर ते बोलायचेच नाहीत, जेवताना मान खाली पडायची, हातातला घास हातात. आठवड्याच्या सुट्टीला दिवसभर झोपायचे. आमच्या लग्नातलं एक आख्खं वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. घरात बसून बसून मी त्याच वर्षी वर्तमानपत्राच्या तुकड्यांवरून वाचायला शिकले, कारण बोलायला कुणी नव्हतं. मी समजत होते की हे पोराच्या शिक्षणासाठी आहे. तुझं पत्र वाचल्यावर मला कळलं की ते गोव्यासाठी होतं. दोन महिने माझ्या मनातून हे जात नाही.

म्हणून तू ये. रविवारी ये किंवा कधीही ये, एका रात्रीची तर गाडी आहे. फोनवर नको, पत्रात नको, दीक्षाला पुढं करून नको. माझ्यासमोर बसून, दादांना सांगितलंस ते सगळं परत सांग. पहिल्यापासून, गोव्यापासून.

माफ करीन असं मी लिहीत नाही. उठून जाणार नाही, शेवटपर्यंत ऐकून घेईन, एवढं लिहिते.

अंजनावहिनी